एक लॅपटॉप आणि अनेक जाळी

शाळेत टेबलावर ठेवलेला संगणक आणि हाती घेऊन फिरावयाचा लॅपटॉप ह्यांत मोठा भेद आहे. टेबलावरच्या संगणकाची महाजालाशी जोडणी एकदा कोणा जाणकाराने करून दिली म्हणजे वर्षानुवर्षे तिकडे पाहण्याचे कारण पडत नाही. लॅपटॉपचे तसे नसते. तो सकाळी शाळेत असतो, दुपारी केंद्रशाळेतील बैठकीस जातो, आणि रात्री शिक्षकाच्या घरी भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटवर चालतो. प्रत्येक ठिकाणचे जाळे निराळे आणि प्रत्येक जाळ्याचे नियमही निराळे. एका ठिकाणी जुळलेली मांडणी दुसऱ्या ठिकाणी जुळेलच असे नाही.

ह्याचा परिणाम पुष्कळदा असा होतो. प्रशिक्षणाच्या ठिकाणी उत्तम चाललेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी शाळेत महाजालास जोडला जात नाही. वायफायचे चिन्ह दिसते, परवलीचा शब्दही स्वीकारला जातो, परंतु एकही पान उघडत नाही. यू-डायस प्लसवरील माहिती भरावयाची असते, किंवा एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच सायंकाळी संपत असते. यंत्र बिघडले अशा समजुतीने ते तालुक्याच्या गावी दुकानात नेले जाते. तेथील मुलगा दोन ठिकाणी खूण बदलतो आणि यंत्र चालू होते. बिघाड मुळात नव्हताच. शिक्षकाचा दिवस मात्र जातो, वर्गाचे तास बुडतात, आणि मुदत टळली तर नुकसान त्या मुलीचे होते. मांडणी बदलण्याची ही रीत अवघड नाही. तिच्यामागील तत्त्व एकदा ध्यानी आले म्हणजे कोणत्याही शिक्षकास ती स्वतः करता येईल.

चार आकडे आणि त्यांचा अर्थ

जाळ्यावरील प्रत्येक यंत्रास एक पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. आज सर्वत्र आढळणारा पत्ता टिंबांनी विभागलेल्या चार संख्यांचा असतो व प्रत्येक संख्या ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. ही पद्धत १९८१ साली निश्चित झाली. तीत एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. जगातील यंत्रांची संख्या वाढल्यावर हे पत्ते अपुरे पडू लागले. म्हणून काही पत्ते केवळ घरगुती व संस्थांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे व १० ने सुरू होणारे पत्ते ह्याच वर्गातील होत. त्यामुळे एकाच तालुक्यातील दहा शाळांत १९२.१६८.१.२५ हाच पत्ता असला तरी घोटाळा होत नाही. जसा प्रत्येक वर्गात हजेरी क्रमांक ७ असतो, तसाच हा प्रकार आहे.

लॅपटॉपला जाळ्यात नीट वागता यावे म्हणून त्यास चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

पहिली, स्वतःचा पत्ता.

दुसरी, आपल्या वाडीची हद्द. हिला सबनेट मास्क म्हणतात. २५५.२५५.२५५.० असा मास्क असला तर पहिल्या तीन संख्या ज्यांच्या सारख्या ती सर्व यंत्रे एकाच वाडीतील, असे लॅपटॉप समजतो.

तिसरी, गेटवे, म्हणजे गावची वेस. वाडीबाहेर जावयाचे झाल्यास सर्व मजकूर ह्या वेशीतून जातो. शाळेत ही वेस म्हणजे राउटरची पेटी होय. तिचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो.

चौथी, डीएनएस सेवा. माणसे संकेतस्थळे नावाने ओळखतात, यंत्रे संख्येने. शिक्षक हजेरीपटावर नाव पाहून क्रमांक काढतो, त्याप्रमाणे ही सेवा संकेतस्थळाचे नाव घेऊन त्याचा पत्ता काढून देते. ही योजना १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी मांडली. आजही तिच्याच आधारावर सर्व महाजाल चालते.

ह्या चारांपैकी एकही गोष्ट चुकली तरी काम अडते. मात्र ते निरनिराळ्या रीतीने अडते, आणि त्यावरूनच दोष ओळखता येतो.

आकडे मिळण्याचे दोन मार्ग

हे चार आकडे लॅपटॉपला दोन प्रकारे मिळतात.

पहिला मार्ग स्वयंचलित. धर्मशाळेत आलेल्या प्रवाशास व्यवस्थापक मोकळी खोली पाहून देतो, आणि प्रवासी गेला म्हणजे ती दुसऱ्यास मिळते. राउटरही तसेच करतो. लॅपटॉप जोडला जाताच तो त्यास एक मोकळा पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो, आणि मास्क, गेटवे व डीएनएस हेही सांगतो. ह्या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ पासून प्रचारात आहे. घरचा राउटर आणि भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट हे दोन्ही ह्याच रीतीने चालतात.

दुसरा मार्ग हाताने भरण्याचा. काही कार्यालयांत व प्रशिक्षण केंद्रांत प्रत्येक यंत्रास नेमून दिलेला पत्ता असतो आणि तेथील व्यवस्थापक तो यंत्रात कायमचा लिहून देतो. यास स्थिर पत्ता म्हणतात. कोणते यंत्र कोठे आहे हे ह्यामुळे समजते. मुद्रणयंत्रास तर स्थिर पत्ता असणेच सोयीचे, कारण त्याचा पत्ता रोज बदलला तर इतर यंत्रांस ते सापडणार नाही.

दोन्ही मार्ग आपापल्या जागी योग्य आहेत. अडचण उद्भवते ती एका ठिकाणचा स्थिर पत्ता दुसऱ्या ठिकाणी नेल्यामुळे.

बदली झाली, पत्ता बदलला नाही

समजा, एका शिक्षकाची बदली दुसऱ्या गावी झाली, परंतु तो सर्वांस जुन्याच गावचा पत्ता सांगत राहिला. त्याची पत्रे त्याला मिळणार नाहीत. दोष टपालखात्याचा नाही आणि शिक्षकाच्या प्रकृतीचाही नाही. लॅपटॉपची स्थिती नेमकी अशीच होते. केंद्रात त्याला १०.१०.४.३७ हा पत्ता व १०.१०.४.१ ही वेस लिहून दिलेली असते. शाळेची वेस मात्र १९२.१६८.१.१ ही आहे. लॅपटॉप शाळेच्या वायफायला जोडला जातो खरा, परंतु आपली सर्व पत्रे तो १०.१०.४.१ ह्या वेशीकडे पाठवू पाहतो. तशी वेस ह्या गावात नाहीच. म्हणून चिन्ह दिसते आणि पान उघडत नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे दोन्ही ठिकाणच्या जाळ्यांचे आकडे योगायोगाने सारखेच असणे. तेथे स्थिर पत्ता चालतोही, परंतु तोच पत्ता राउटरने दुसऱ्या एखाद्या यंत्रास दिलेला असला तर दोघांचेही काम मध्येच तुटते. एका बाकावर दोन मुलांस एकच हजेरी क्रमांक दिल्यासारखे हे आहे. म्हणून शाळेत स्थिर पत्ता द्यावयाचाच असेल तर राउटर स्वतः वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा द्यावा, किंवा राउटरमध्येच त्या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवावा. दुसरी रीत अधिक चांगली. तीत लॅपटॉप स्वयंचलितच राहतो, आणि तरीही त्या शाळेत त्यास नेहमी एकच पत्ता मिळतो.

मांडणी बदलण्याच्या रीती

पहिली रीत सर्वांत साधी आहे: जेथे शक्य तेथे स्वयंचलित ठेवावे. लॅपटॉप ज्या ज्या ठिकाणी जातो तेथे सर्वत्र पत्ते आपोआप मिळत असतील, तर बदलण्याचे काहीच उरत नाही. म्हणून स्थिर पत्ता लिहिण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे काय, हे प्रथम विचारावे.

दुसरी रीत वायफायसाठी आहे. विंडोज १० च्या अखेरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये प्रत्येक वायफाय जाळ्याची मांडणी वेगळी ठेवता येते. सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वायफाय, आणि त्यात जोडलेल्या जाळ्याच्या नावाची प्रॉपर्टीज असे क्रमाने जावे. तेथे आयपी असाइनमेंट ही ओळ दिसते. तिच्यापुढील एडिट ही कळ दाबली म्हणजे ऑटोमॅटिक व मॅन्युअल असे दोन पर्याय येतात. केंद्राच्या वायफायला जोडलेले असताना तेथे मॅन्युअल निवडून आकडे भरले, तर ते केवळ त्याच जाळ्यासाठी राहतात. शाळेचे व घरचे जाळे स्वयंचलितच राहते आणि लॅपटॉप जाळ्याचे नाव पाहून योग्य ती मांडणी स्वतः घेतो. मात्र हार्डवेअर प्रॉपर्टीज ह्या पानावर किंवा जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये तेच आकडे भरले, तर ते सर्व वायफाय जाळ्यांस लागू होतात. पुष्कळ घोटाळे येथेच होतात. घाईत असलेला जाणकार जुन्या सवयीने कंट्रोल पॅनेल उघडतो आणि एका ठिकाणचे आकडे सर्व ठिकाणी चिकटतात.

तिसरी रीत तारेने जोडावयाच्या यंत्रांस विशेष उपयोगी आहे. तारेच्या जोडणीस वायफायप्रमाणे नाव नसते, म्हणून तेथे निराळी युक्ती आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमधील इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ उघडावे. पत्ता आपोआप घ्यावा हा पर्याय निवडलेला असला तरच वर अल्टरनेट कॉन्फिगरेशन नावाचे दुसरे पान दिसते. त्या पानावर स्थिर पत्ता लिहून ठेवावा. लॅपटॉप प्रथम राउटरकडे पत्ता मागतो. काही वेळ वाट पाहूनही कोणी उत्तर दिले नाही, तर तो हा राखीव पत्ता वापरतो. एका ठिकाणी पत्ते आपोआप मिळत असतील आणि दुसऱ्या ठिकाणी मिळत नसतील, तर ही रीत उत्तम. दोन्ही ठिकाणी आपोआप मिळत असतील तर मात्र हिचा उपयोग होत नाही, कारण राखीव पत्त्याची पाळीच येत नाही.

चौथी रीत लिनक्स वापरणाऱ्या शाळांसाठी आहे. तेथे नेटवर्क मॅनेजर हा कार्यक्रम प्रत्येक जोडणीची नोंद वेगळ्या नावाने ठेवतो. तारेच्या जोडणीसाठीही 'शाळा' व 'केंद्र' अशा दोन नोंदी करता येतात, आणि यादीतून हवी ती नोंद निवडली की मांडणी क्षणात बदलते.

प्रॉक्सी: विसरलेली खूण

पत्ता बरोबर असूनही पाने उघडत नसतील तर बहुधा प्रॉक्सीची खूण राहून गेलेली असते. काही संस्थांत महाजालावरील सर्व येजा एका मध्यस्थ यंत्रामार्फत होते. त्यास प्रॉक्सी म्हणतात. अशा ठिकाणी लॅपटॉपमध्ये त्या मध्यस्थाचा पत्ता भरावा लागतो. विंडोजमध्ये ही खूण जाळ्यागणिक वेगळी राहत नाही. एकदा भरली की ती शाळेत व घरीही तशीच राहते, आणि ब्राउझर तेथे नसलेल्या मध्यस्थाला हाक मारीत बसतो. म्हणून केंद्रातून निघताना सेटिंग्जमधील नेटवर्क अँड इंटरनेट ह्या विभागात प्रॉक्सी हे पान उघडावे व हाताने भरलेली प्रॉक्सी बंद करावी. पत्ता खोडण्याची गरज नाही. केवळ खूण बंद केली की पुरते. पुढील वेळी केंद्रात गेल्यावर ती पुन्हा चालू करावी.

जाळ्याचा विश्वास आणि डेटाचा खर्च

प्रत्येक नव्या जाळ्यास जोडताना विंडोज ते पब्लिक, म्हणजे सार्वजनिक, की प्रायव्हेट, म्हणजे खाजगी, अशी नोंद ठेवते. सार्वजनिक जाळ्यावर लॅपटॉप इतर यंत्रांस दिसत नाही. बसस्थानक, उपाहारगृह, बैठकीचे सभागृह अशा ठिकाणी ही नोंद सार्वजनिकच असू द्यावी. शाळेच्या स्वतःच्या जाळ्यावर दोन यंत्रांत फायली वाटून घ्यावयाच्या असतील तेवढ्यापुरते ते खाजगी करावे. शाळेच्या लॅपटॉपवर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक व पालकांच्या बँक खात्यांची माहिती असते. ती शिक्षकाजवळ विश्वासाने दिलेली असते, आणि तिचे रक्षण हे हजेरीपटाच्या रक्षणाहून कमी महत्त्वाचे नाही.

भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटवर काम करताना दुसरी एक खूण ध्यानात ठेवावी. त्या जाळ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन ही खूण चालू केली म्हणजे विंडोज स्वतःच्या मोठ्या सुधारणा बहुतांशी थोपवून धरते. ही खूण केली नाही तर दिवसाचा डेटा त्या सुधारणांतच संपतो आणि सायंकाळी माहिती भरावयास शिल्लक राहत नाही. ही खूणही त्या एका जाळ्यापुरतीच असते. शाळेत ब्रॉडबँड असल्यास तेथे ती नसावी, कारण सुधारणा थांबवून ठेवणे यंत्राच्या सुरक्षिततेस बरे नव्हे.

दोष शोधण्याचा क्रम

वैद्य प्रथम नाडी पाहतो, नंतर औषध देतो. येथेही काही बदलण्यापूर्वी पाहावे. पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. त्याच जाळ्यावर दुसरे यंत्र किंवा भ्रमणध्वनी चालतो काय? चालत नसल्यास दोष राउटरचा किंवा बाहेरील तारेचा. लॅपटॉपला हात लावू नये.

२. जोडलेल्या जाळ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास लॅपटॉपने पत्ता मागितला पण कोणी दिला नाही, असा अर्थ होतो. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, किंवा तेथे स्थिर पत्ता लागतो काय ते विचारावे.

३. पत्ता व गेटवे ह्यांच्या पहिल्या तीन संख्या चालणाऱ्या यंत्राशी जुळतात काय? जुळत नसल्यास जुन्या ठिकाणची मांडणी राहिली आहे. ती ऑटोमॅटिक करावी.

४. सर्व आकडे बरोबर असूनही पान उघडत नसल्यास प्रॉक्सीची खूण पाहावी.

५. त्यानंतर हाताने भरलेला डीएनएस पाहावा. काही सार्वजनिक वायफायवर प्रथम प्रवेशाचे पान येते व त्यात भ्रमणध्वनीवर आलेला अंक भरावा लागतो. हाताने भरलेल्या डीएनएसमुळे ते पान कधी कधी येतच नाही. अशा वेळी डीएनएसही ऑटोमॅटिक करावा.

६. अखेर यंत्रातील दिनांक व वेळ पाहावी. जुन्या लॅपटॉपची आतील लहान बॅटरी संपली म्हणजे दिनांक काही वर्षे मागे जातो. मग जाळे ठीक असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास ब्राउझर नकार देतो. दिनांक दुरुस्त करताच ती उघडतात.

नेटवर्क रिसेट ही कळ सर्वांत शेवटी वापरावी. ती दाबली असता हाताने भरलेली सर्व मांडणी पुसली जाते, आणि आकडे लिहून ठेवलेले नसल्यास दुसरी अडचण उभी राहते.

नोंदवही

वरील सर्व गोष्टींत सर्वांत स्वस्त व उपयुक्त साधन म्हणजे एक साधी वही. तीत प्रत्येक ठिकाणासाठी एक पान राखावे. त्यावर जाळ्याचे नाव, पत्ता आपोआप मिळतो की हाताने भरावा लागतो, भरावा लागत असल्यास चारही आकडे, प्रॉक्सी आहे काय, आणि शेवटचा बदल कोणी व केव्हा केला, एवढे लिहावे. परवलीचे शब्द मात्र ह्या वहीत लिहू नयेत. मुद्रणयंत्राचा पत्ताही शाळेच्या पानावर असावा. एखाद्या जाणकाराने येऊन मांडणी बदलल्यास, बदलापूर्वीचे आकडे त्याच्याकडूनच वहीत उतरवून घ्यावेत. शिक्षकाची बदली झाली तर ही वही कार्यभारासोबत नव्या शिक्षकाकडे सोपवावी. शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिकेस पहिल्याच आठवड्यात ती अनेक खेपा वाचवील.

वर्गात उपयोग

ह्याच विषयाचा इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांस खेळातून परिचय करून देता येईल. वर्गाच्या दोन वाड्या कराव्यात. प्रत्येक मुलाच्या हाती एका संख्येची चिठ्ठी द्यावी आणि प्रत्येक वाडीतील एका मुलास वेस नेमावे. मुलांनी एकमेकांस चिठ्ठ्या पाठवाव्यात. वाडीतली चिठ्ठी थेट जाईल व वाडीबाहेरची वेशीतून जाईल. मग एका मुलास त्याची जुनी चिठ्ठी घेऊनच दुसऱ्या वाडीत बसवावे आणि त्यास पाठविलेली चिठ्ठी कोठे जाते ते पाहावयास सांगावे. ती त्याच्या जुन्या, रिकाम्या जागेकडे जाते, हे मुलांच्या ताबडतोब ध्यानात येते. लॅपटॉप का अडतो हे मुलांस समजले म्हणजे मोठ्यांसही समजावयास वेळ लागत नाही.

तात्पर्य, जागा बदलली की यंत्राचा पत्ताही बदलावयास हवा. जेथे शक्य तेथे तो आपोआप बदलू द्यावा. जेथे हाताने भरणे भाग असेल तेथे तो त्या एका ठिकाणापुरता भरावा व वहीत नोंदवावा. एवढी दक्षता घेतली तर तालुक्याची खेप वाचेल, वर्गाचा तास बुडणार नाही, आणि ज्या मुलीचा अर्ज सायंकाळपर्यंत जावयास हवा तो वेळेवर जाईल.